लेकीने परत पाठवलेला मेणा

हरणतळे नावाच्या राज्यात उदयभान नावाचा राजा होता. मनाने चांगला, पण भारी उतावळा. ताटातली गरम भाकरी निवेपर्यंतही त्याला धीर धरवत नसे. अशा राजाने आपल्या राजधानीपासून थेट समुद्रकाठच्या शंखबंदरापर्यंत रूळ टाकले आणि त्यांवर वाऱ्यासारखी पळणारी गाडी सुरू केली. राजाच्या काळात अशी गाडी कुठून आली, असं मात्र कुणी विचारू नये. गोष्टीत राजा चालतो, तर त्याची गाडीही चालवून घ्यावी.

बैलगाडीने शंखबंदराला जायचं तर वाटेत दोन मुक्काम पडत. नव्या गाडीने सकाळी निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला समुद्रावर पोहोचला असता. पण पोहोचणार कोण? गाडीत कुणी बसतच नव्हतं. ती रोज रिकामी जायची आणि रिकामी यायची.

राजाने भाडं निम्म्यावर आणलं. बाकांवर मऊ गाद्या घातल्या. प्रत्येक ठाण्यावर सनई-चौघडा बसवला. तरी लोक आपले बैलगाडीत हाडं खिळखिळी करून घेत होते. शेवटी राजा स्वतःच बाजारात गेला.

"का रे बाबांनो, माझी गाडी आवडली नाही का तुम्हाला?"

"छे छे, महाराज! गाडी एकदम झकास आहे," तेली म्हणाला. "पण आज नेमकी अमावास्या पडली."

"पुढच्या खेपेला नक्की," शिंप्याने सांगितलं.

"मी तर निघालेच होते," कासारीण म्हणाली, "तेवढ्यात मांजर आडवं गेलं."

खरं तर सगळ्यांनाच त्या वेगाची धास्ती होती. पण राजाच्या तोंडावर त्याच्या गाडीला नावं ठेवायची कुणाची छाती नव्हती, आणि आपल्याला भीती वाटते हेही कुणाला कबूल करायचं नव्हतं. राजाला वाटलं, या लोकांना चांगल्याची कदरच नाही. तो तणतणत वाड्यावर परतला आणि प्रधानाला म्हणाला, "दिवाळीपर्यंत गाडी भरली नाही, तर रूळ उखडा आणि त्यांचे नांगराचे फाळ करा!" प्रधान बिचारा हळहळला, कारण गाडी खरोखरच चांगली होती.

त्याच सुमारास राजवाड्यात आनंदाची बातमी आली. राजाची एकुलती एक लेक चंद्रावळ शंखबंदरात दिली होती, तिला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ही तर रीतच. राजाने ताबडतोब रेशमी पडद्यांचा मेणा काढला. निवडक भोई दिले, सोबत वैद्यबुवा दिले. "हळू चाला रे. पोरीला जरासुद्धा धक्का लागता कामा नये," असं दहादा बजावलं.

मेणा भर बाजारातून गेला. तेल्याने पाहिला, शिंप्याने पाहिला, कासारणीनेही पाहिला. ज्या दोघाचौघांनी हिय्या करून गाडीची तिकिटं काढली होती, त्यांनी ती त्याच दिवशी गुपचूप परत केली. असं का झालं, ते राजाला काही कळेना.

काही दिवसांनी मेणा परत आला. राजा धावतच देवडीवर गेला, पडदा बाजूला केला, तर आत कुणी नाही! वैद्यबुवा मान खाली घालून उभे होते.

"ताईसाहेबांची तब्येत उत्तम आहे, महाराज. पण त्यांनी एक निरोप दिलाय. शब्दही न बदलता सांगा, अशी शपथ घातलीय."

"मग सांगा ना!"

वैद्यबुवांनी निरोप पाठ म्हणून दाखवला. "'ज्या गाडीत स्वतःच्या लेकीला बसवायला बाप घाबरतो, त्या गाडीत दुसऱ्याच्या लेकीने का बसावं? मी येईन तर गाडीनेच येईन. नाहीतर बाळंतपण इथेच होईल.'"

राजाचा चेहरा आधी रागाने लाल झाला, मग शरमेने. गाडी सुरू झाल्यापासून आपण स्वतः एकदाही तिच्यात बसलो नाही, हे त्याला तिथे उभ्या उभ्या आठवलं. मागोमाग आलेल्या राणीने डोळ्यांना पदर लावला. "पहिलटकरीण आहे हो ती. काही झालं म्हणजे?"

"मलाही तीच भीती वाटते," राजा म्हणाला. हे वाक्य त्याने आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलं होतं. "म्हणून उद्या आधी मी बसून बघतो. मग तिला आणतो."

दुसऱ्या दिवशी राजा मुकुट आणि लवाजमा घरी ठेवून साध्या बाकावर जाऊन बसला. गाडी हलली तसा त्याने दोन्ही हातांनी बाक घट्ट धरला आणि कुलदैवताचा धावा सुरू केला. थोड्या वेळाने एक हात सुटला. मग दुसरा सुटला. मग त्याला भूक लागली आणि त्याने राणीने दिलेली शिदोरी उघडली. वाटीतलं ताक हललं, पण सांडलं नाही. राजा एवढा खूश झाला की ते ताक त्याने एका दमात पिऊन टाकलं.

शंखबंदर आलं, पण ठाण्याबाहेर पाहतो तर सगळी बाभळीची रानं! राजाच्या घाईपायी रूळ सरळ नेले होते आणि गाव लांब बाजूला राहिलं होतं. तिथे ना टांगा, ना बैलगाडी. गाडीने वाचवलेला वेळ त्याच्या पायांनी खाऊन टाकला.

"अगंबाई! बाबा, गाडीत एवढा घाम आला?" चंद्रावळने दारातच विचारलं.

"गाडीत नाही गं बाई, उतरल्यावर!" राजा म्हणाला, आणि बापलेक दोघंही पोट धरून हसली. तिच्या सासऱ्याने परतीसाठी घरचा टांगा जोडून दिला.

ठाण्यावर सासूबाईंनी सुनेची ओटी भरायला घेतली. तिच्या हातावर दही घातलं, जपून जायला सांगितलं, पुन्हा एकदा जवळ घेतलं. इकडे घंटा वाजली आणि दारं मिटायला लागली. गार्डाने राजाला ओळखलं आणि मुजरा केला. "महाराज, तुमच्यासाठी थांबवतो."

राजा हो म्हणणारच होता, पण थबकला. "माझ्यासाठी नको. रोज थांबव, सगळ्यांसाठी थांबव. लेकीसुना निघाल्या की निरोपाला वेळ लागतोच. मी घाईत तेवढं विसरलो. आणि आजपासून प्रत्येक ठाण्यावर गाडीच्या वेळेला टांगे उभे राहतील."

गाडी हरणतळ्याला पोहोचली तेव्हा निम्मा बाजार फलाटावर जमला होता. राजाचा हात धरून चंद्रावळ सावकाश खाली उतरली. गर्दीतून एक आजी वाट काढत पुढे आल्या.

"पोरी, माझ्यापाशी खरं सांग. पोटातलं पाणी हललं का गं?"

"पाणी नाही हललं, आजी," चंद्रावळ म्हणाली. "बाळ मात्र वाटभर नाचत होतं. त्याला गाडी भारी आवडलेली दिसते!"

फलाटावर एकच हशा पिकला. आजींनी तिच्यावरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली, आणि तशाच तरातरा तिकिटाच्या खिडकीपाशी गेल्या.

"माझी नातसून शंखबंदराला आहे. तिलाही दिवस गेलेत," त्या म्हणाल्या. "उद्या जाऊन तिला घेऊन येते. माझं एक जातानाचं दे, आणि येतानाची आम्हा दोघींची दे. तिला खिडकीशी बसव."

तात्पर्य: नवी वाट कितीही चांगली असली, तरी नुसत्या कौतुकाने लोक त्या वाटेला लागत नाहीत. आपल्या काळजाचा तुकडा आपण आधी तिच्या हवाली करावा, मग लोकही आपला करतात.