ढाण्या आधी, राजा मागाहून

एका राज्यात, ज्याचं नाव घेतलं तरी माझं डोकं फिरतं, एक जुनी रीत होती. नव्या घरात पहिलं पाऊल घरच्या मुक्या जीवाचं. गाय असो, कुत्रं असो, त्याने आपल्या पायांनी, आपल्या मर्जीने आत जावं. ढकलायचं नाही, हाक मारायची नाही. ते आत जाऊन टेकलं की मग मालकाने उंबरठा ओलांडायचा. असं का, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पण पाळत मात्र सगळे.

तिथे राजा धवलसेन राज्य करी. नदीने पात्र बदललं आणि त्याचा राजवाडा गिळून टाकला. तेव्हा तमोधर नावाचा मांत्रिक दरबारात आला.

"महाराज, आरशाच्या फरशीचा महाल उभारून देतो," तो म्हणाला. "अट एकच. जनावर आत नको. नखांचे ओरखडे पडतील."

आणि हा राजा, हा दीडशहाणा, हो म्हणाला! ढाण्या त्याचा कुत्रा. शिकारीत रानडुक्कर राजावर धावून आलं तेव्हा हा ढाण्या मध्ये पडला आणि जन्माचा लंगडा झाला. त्या ढाण्याला राजाने बाहेर खांबाला बांधलं. कशासाठी? तर फरशीसाठी! अहो, फरशी काय संकटात धावून येणार होती?

राजा एकटा आत गेला आणि पहिल्याच पावलाला तांब्याचा झाला. डोक्यावरच्या मुकुटापासून पायातल्या मोजडीपर्यंत तांब्याचा. तमोधराने सिंहासनाशेजारी आपलं आसन मांडलं. दरबारी म्हणाले, "पुतळा फार सुबक आहे हो!" जिभा कशा झडल्या नाहीत मेल्यांच्या.

राजाची धाकटी बहीण मंजिष्ठा. तिने ढाण्याचा दोर सोडला, पण ढाण्या पायरी सोडेना. ऊन गेलं, थंडी गेली, तो दाराकडे तोंड करून बसलेला. मंजिष्ठाही त्याच्याजवळ बसे. एक दिवस तिची पाळीव साळुंकी वाचाळी छतावरून खाली उतरली आणि माणसासारखी बोलू लागली.

"बाई, उंबरठ्याखाली शापित धनाचा हंडा आहे. नव्या घरात पहिलं पाऊल पडलं की तो विचारतो, काय हवं? दादामहाराज म्हणाले, हा महाल. जो मागतो तो तांब्याचा होतो."

"आणि जो मागत नाही?"

"हंडा तीनदा विचारतो. पहिलं पाऊल टाकणाऱ्याने तिन्ही वेळा काही मागितलं नाही, तर शाप फुटतो आणि तिसऱ्या प्रश्नाआधी धरलेले सगळे सुटतात. पण हंड्याला माणसाच्या मनातलंही ऐकू येतं."

मंजिष्ठा ताडकन उठली. "म्हणजे आपली रीत त्यासाठी होती! मग वाचाळी, आत्ताच जा आत."

"या घरातलं पहिलं पाऊल पडून गेलं, बाई. हंडा नव्या घराखाली जायला हवा. आणि मी जाऊ? मी गप्प बसेन असं वाटतं तुम्हाला?"

ते काही मंजिष्ठाला वाटलं नाही. ती तडक दरबारात गेली. "तमोधरा, मला राहायला घर हवं."

मांत्रिकाला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. राजाची बहीण होती तोवर गादी त्याची होणार नव्हती. राज्याचा कायदाही सोयीचा होता. बांधणाऱ्याने दोन घरं आपल्या मनाची दाखवावी, तिसरं राहणाऱ्याच्या मनाचं बांधावं. तिसरं मात्र नाकारता येत नाही, सूर्य मावळायच्या आत शिरावंच लागतं. मांत्रिक हंडा घेऊन निघाला.

पहिलं घर त्याने स्फटिकाचं उभारलं. ढाण्याने उंबऱ्याबाहेरूनच आत पाहिलं. चकचकीत फरशी बघून तो मागे सरला.

"हे नको," मंजिष्ठा म्हणाली.

दुसरं घर ढगात होतं, वर जायला नुसत्या पायऱ्याच पायऱ्या. वाचाळी भुर्रकन वर जाऊन आली. "हवा काय छान आहे!" ढाण्याने पहिल्या पायरीकडे पाहिलं, मग आपल्या लंगड्या पायाकडे, आणि खाली बसला.

"हेही नको."

"राजकन्ये," मांत्रिक फिस्कारला, "कुत्र्याला विचारून घर घेता?"

"तो त्यात राहणार आहे, तमोधरा. तुम्हाला विचारून घेऊ काय?"

मग तिने तिसरं घर सांगितलं. जमीन मातीची, शेणाने सारवलेली. उंबरठा बोटभर. ओसरीला दुपारचं ऊन. खिडकी उघडी, तिच्यात पाखराला बसायला आडवी काठी. दरबार खो खो हसला. राजाची बहीण गोठा मागते म्हणाले! महालात भाऊ तांब्याचा झाला तेव्हा पुतळ्याचं कौतुक, आणि आता हसायला बत्तीस दात!

मांत्रिकाने हसत हसत घर उभारलं, हंडा उंबरठ्याखाली पुरला. ढाण्या दारापाशी आला. आणि बसला.

दार पाहिलं की त्याला तो खांब आठवे, तो दोर आठवे. हाक मारायची सोय नव्हती. सूर्य टेकडीवर आला.

"वेळ भरली, राजकन्ये. चला आत," मांत्रिक म्हणाला.

मंजिष्ठा ढाण्याशेजारी मातीत बसली. तिचे डोळे भरून आले, पण आवाज कडक होता. "ढाण्या, तुला बाहेर ठेवून मी कुठल्याही घरात जाणार नाही. मग तांब्याची केली तरी चालेल."

ढाण्याने तिचा हात चाटला. ओल्या सारवणाचा वास घेतला. मग लंगडत उठला आणि आत गेला.

"काय हवं?" उंबरठ्याखालून आवाज आला.

ढाण्याने उन्हाचा तुकडा शोधला.

"काय हवं?"

ढाण्या स्वतःभोवती फिरला, अंग टाकलं आणि डोळे मिटले. त्याला हवं ते मिळालं होतं.

मांत्रिकाच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याच्या जादूच्या घरात लंगडं कुत्रं घोरतंय! स्वतःचाच शाप विसरून तो ढाण्याचा कान धरायला आत धावला.

"काय हवं?" हंड्याने तिसऱ्यांदा विचारलं.

"हे कुत्रं बाहेर हवं!" मांत्रिक ओरडला, आणि हात पुढे केलेला तसाच तांब्याचा झाला. ढाण्याने काही मागितलं नव्हतंच. हंडा तडकला. आतल्या मोहरांची खापरं झाली.

थोड्याच वेळात धवलसेन धावत आला. दाढीवर अजून तांब्याचा हिरवा गंज होता. दारात येऊन थबकला. ढाण्याला पाहिलं आणि मान खाली घातली.

"मंजिष्ठा, मी आत येऊ?"

"मला काय विचारतोस, दादा? त्याला विचार."

ढाण्या उठला. आता हा चावणार, असं मला वाटलं. निदान गुरगुरायला तरी हवं होतं! पण नाही. त्याने शेपूट हलवली, राजाच्या पायावर डोकं घासलं, आणि वळून पुन्हा आत गेला. राजा रडत रडत त्याच्या मागून गेला.

पुढे राजा त्याच घरात राहिला. जुनी रीत दवंडी पिटून परत लागू झाली. तांब्याच्या मांत्रिकाच्या पुढे केलेल्या हातावर लोक ओली घोंगडी वाळत घालतात आणि वाचाळी त्याच्या डोक्यावर बसून दिवसभर बडबडते. राज्य सुखी झालं म्हणतात. ढाण्याने राजाला माफ केलं. मी अजून केलेलं नाही.