शेरभर मटण जातं कुठं?

इनामदार रायाजीरावांच्या शिकारी कुत्र्याच्या बरगड्या दिसू लागल्या. गावातल्या कुत्र्या-मांजरांना औषध देणारी सगुणा वैदीण त्याला तपासून म्हणाली, "पोटात जंत झालेत."

इनामदार भडकले. "जंत भटक्या कुत्र्यांना होतात. आमचा रोज शेरभर मटण खातो. उद्या चावडीवर माफी माग, नाहीतर गाव सोड."

दुसऱ्या दिवशी चावडीवर सगळं गाव जमलं. इनामदार कुत्र्याला घेऊन आले. सगुणा ताठ उभी राहिली. "मागते माफी, सरकार. आधी सांगा, ते शेरभर मटण जातं कुठं? कुत्र्याच्या अंगाला तर लागत नाही. जंत खात नसतील, तर गढीतलं कोण खातं?"

लोक तोंड दाबून हसले. इनामदारांनी कुत्र्याची साखळी तिच्या हातात दिली. "औषध दे."

"देते. पण दर तीन महिन्यांनी आणायचा, आणि भटक्यांच्याच रांगेत उभा करायचा."