सरकलेला बोया

समुद्रात लोखंडी बोये यायच्याही आधीची, फार फार जुनी ही गोष्ट. सांगताना आजही माझं डोकं तापतं, पण ऐकाच.

एका बंदराच्या तोंडाशी पाण्यात एक खडक होता. ओहोटीला त्याचं टोक दिसे, भरतीला तो पार बुडून जाई. किती गलबतं फोडली असतील त्याने! शेवटी गावच्या म्हाताऱ्यांनी एक रिकामं लाकडी पिंप घेतलं, त्याला लाल रंग दिला, जाड साखळीने ते एका अवजड दगडाला बांधलं आणि तो दगड खडकाच्या अगदी कडेला पाण्यात सोडला. पिंप वर तरंगत राहिलं. तोच बोया. तो उजव्या हाताला ठेवायचा आणि खुशाल आत यायचं, हे गलबतं चालवणाऱ्या दूरदूरच्या तांडेलांना ठाऊक झालं. "बोयाला होडी बांधायची नाही," एवढंच म्हाताऱ्यांनी गावाला बजावलं.

पुढे म्हातारे गेले. बोयाच्या सावलीत मासे जमतात, हे गावच्या पाटलाने हेरलं. नांगर टाका, नांगर ओढा, एवढा खटाटोप कशाला? त्याने होडी सरळ बोयाला बांधली आणि जाळं टाकलं. पाटीलच बांधतो म्हटल्यावर बाकीचे कशाला मागे राहतात? रोज तिथे होड्यांची रांग लागायची. ओहोटीची ओढ लागली की सगळ्या होड्या मिळून साखळीला हिसके देत आणि तळाचा दगड जरासा सरके.

खडकावर पंख वाळवत बसणाऱ्या पाणकावळ्याच्या हे लक्षात आलं. पूर्वी तो खडकावरून बोयावर एका उडीत जाई. आता चांगलं उडत जावं लागे.

तो पाटलाच्या होडीवर येऊन बसला. "अहो पाटील, खडक कुठे, बोया कुठे! आता बोया उजवीकडे ठेवून येणारं गलबत थेट खडकावर जाईल की हो!"

"सरकला असेल जरासा," पाटील म्हणाला. "आम्हाला खडक माहीत आहे. आम्ही आपटतोय का?"

"तुम्हाला माहीत आहे हो! बाहेरून येणाऱ्यांचं काय?"

"तू मासे खा नि गप बस."

आणि लोक हसले! एकाने तर त्या पाखरावर वल्हं उगारलं.

पाटलाची एकुलती एक लेक समुद्रापलीकडे दिलेली होती. पहिल्या बाळंतपणासाठी ती गलबतातून माहेरी निघाली. गलबत दिसलं तेव्हा भर दुपारची भरती होती. पाटील धक्क्यावर उभा होता. खडक पाण्याखाली गेलेला, लाल बोया ऐटीत डुलतोय आणि गलबत बोया उजव्या हाताला ठेवून सरळ आत येतंय. तेव्हा कुठे पाटलाला पाणकावळ्याचे शब्द आठवले! त्याने मुंडासं सोडलं आणि जिवाच्या आकांताने हलवलं. "मागे फिरा! मागे फिरा!" वाऱ्यात काय ऐकू जाणार? तांडेलाला वाटलं, बाप लेकीच्या स्वागताला आलाय. त्यानेही हात हलवला.

गलबत खडकावर आदळलं आणि फुटलं. लोकांनी होड्या लोटल्या. लेक एका फळीला धरून होती, ती वाचली. खलाशीही हाती लागले. ती फळी तिच्या हातात देणारा म्हातारा तांडेल मात्र बुडाला.

आणि किनाऱ्यावर काय बोलणं चाललं होतं, माहीत आहे? "डोळे गेले होते का त्या म्हाताऱ्याचे?" पाटीलही म्हणाला, "माझ्या पोरीचा जीव घेत होता मेला!" अरे, लाज कशी वाटली नाही!

लेक ओल्या अंगाने थरथरत उठली. "बाबा, त्यांनी बोया उजव्या हातालाच ठेवला होता. मला दाखवलासुद्धा. म्हणाले, 'पोरी, तो बघ तुझ्या गावचा बोया. आता भिऊ नकोस.' तुमच्यावर विश्वास ठेवला, म्हणून गेले ते. नाव तरी विचारलंत का कुणी त्यांचं?"

कुणीच विचारलं नव्हतं. पाटलाची मान खाली गेली.

दुसऱ्या दिवशी अख्ख्या गावाने मिळून तो दगड ओढत खडकाशी नेला. दोर तुटले, तळहात सोलवटले. सरकवताना मात्र कुणाला घामही आला नव्हता. त्यानंतर बोयाला कुणी होडी बांधली नाही. बारसं झालं, लेक सासरी गेली. पुन्हा माहेरी यायला ती कधीच तयार झाली नाही.

म्हणून लहानथोरांनो, बजावून सांगतो: ज्या खुणेवर दुसऱ्याचा जीव विसंबून आहे, ती आपल्या सोयीसाठी तसूभरही हलवू नये.