आप्पांचा डोळा लागला

एका गावात एक भोळा शिपाई होता. नाव केरबा. ग्रामपंचायतीत कामाला असल्यामुळे त्याच्या भोळेपणाला पगार मिळायचा. सांगितलेलं काम तो कधी टाळत नसे. खरी अडचण तीच होती.

गावचे सरपंच आप्पा खराडे. पाच वर्षांत त्यांनी गावासाठी काही केलं नाही, तेव्हा ते गाढ झोपायचे. आता निवडणूक तोंडावर आली आणि खुर्ची जाईल या धास्तीनं त्यांची झोप उडाली. डॉक्टर म्हणाले, झोपताना कविता वाचून घ्या, मन निवतं. आप्पांनी कवितांचं पुस्तक आणलं आणि केरबाला बोलावलं.

केरबाला वाचायची एकच रीत ठाऊक, दवंडीची. "ऐका हो ऐका! ओढा निजला, वाट निजली होऽ!" सगळी गल्ली उठली. ओढ्याला काय झालं म्हणून चार माणसं बॅटरी घेऊन बघून आली.

"गाढवा, हळू वाच," आप्पा म्हणाले. "शेजाऱ्याला कळता कामा नये."

"बरं आप्पा."

दुसऱ्या दिवशी दवंडी होती, उद्या नळाला पाणी नाही, आजच भरून ठेवा. केरबानं ती गावभर कुजबुजली. कुठल्याच शेजाऱ्याला कळली नाही. सकाळी बायका रिकाम्या घागरी घेऊन आप्पांच्या दारात उभ्या. वीसेक मतं तिथंच गेली. आप्पांनी केरबाला झापलं, म्हणाले, सांगितलेलं समजलं का ते विचारायचं आणि हो म्हणेपर्यंत माणसाला सोडायचं नाही.

"बरं आप्पा."

त्या रात्री केरबा अगदी हळू वाचत होता. दुसऱ्याच ओळीला आप्पा पेंगले. केरबानं त्यांना गदागदा हलवलं. "आप्पा, ओढा निजला. समजलं का?" आप्पा हो म्हणाले. पुढच्या ओळीला पुन्हा हलवलं. कविता चाळीस ओळींची होती.

पहाटे आप्पांनी रडकुंडीला येऊन हात जोडले. माझे डोळे मिटलेले दिसले की पुस्तक मिटायचं. दिवा घालवायचा. बाहेरून कडी घालायची. मला वाईट स्वप्नं पडतात, तेव्हा मी आतून ओरडलो तरी उघडायचं नाही. दाराशी बसून कविता म्हणायची, मी होतो शांत.

"बरं आप्पा."

आणि काय नवल, आप्पा त्या रात्री सात तास घोरले. केरबाला शाबासकी मिळाली. आयुष्यातली पहिलीच. बिचारा दिवसभर हसत होता.

मग अर्ज भरायचा शेवटचा दिवस आला. तीन वाजेपर्यंत तालुक्याला पोचायचं होतं. आप्पांनी आपल्या पॅनेलचे सातही उमेदवार मळ्यातल्या घरात जमवले. आप्पांचा आपल्याच माणसांवर फार विश्वास. म्हणून आधी सगळ्यांचे फोन पिशवीत घालून पिशवी केरबाकडे दिली. कुणी फुटू नये म्हणून मग देवापुढं समई लावली. बेल-भंडारा उचलून, आप्पांसकट आठही जणांनी शपथेसाठी डोळे मिटले.

केरबानं ते पाहिलं. त्यानं समई फुंकली, चवड्यांवर बाहेर आला आणि कडी घातली.

आतून आधी हाका आल्या. मग शिव्या, मग दारावर लाथा. आज स्वप्नं भलतीच वाईट पडली होती. केरबा उंबऱ्याशी बसून कविता म्हणू लागला. फोन सारखे वाजत होते. झोपमोड नको म्हणून त्यानं पिशवी विहिरीत सोडली.

एक वाजता आत कुणीतरी रडलं. दोन वाजता आप्पांनी आवाज बसेपर्यंत विनवण्या केल्या. तीन वाजले आणि सगळं गप्प झालं. केरबाला फार बरं वाटलं.

साडेतीनला आप्पांचे मेहुणे तालुक्याहून गाडी मारत आले. ते सकाळपासून कचेरीच्या दारात वाट बघत होते. घामाघूम झालेले मेहुणे म्हणाले, "आप्पा कुठं हाईत? वेळ संपली. समोरची पार्टी बिनविरोध आली!"

केरबानं ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला, पाव्हणं. आत्ताच डोळा लागलाय. अख्ख्या पॅनेलचा."