डाव्या दाराचा खटका

“या बाजूला कोण बसतं?”

इलाही वस्तादांनी गाडीच्या डाव्या दाराकडे बोट केलं.

हिंदुराव काटकर गाडीपाशी उभा होता. चाळीस वर्षांपूर्वी तो तासगावच्या याच शेडमध्ये नटबोल्ट धुवायला लागला होता. आता कराडला त्याचं स्वतःचं गॅरेज होतं. हाताखाली नऊ माणसं होती. पण स्वतःच्या जुन्या गाडीचं एक दार त्याला दाद देत नव्हतं.

“आतून उघडत नाही,” तो म्हणाला. “खटका अडतोय.”

“ते नाही विचारलं.”

“...कोणी बसत नाही.”

“मग उघडायला कशाला हवंय?”

“गाडी आहे म्हटल्यावर दार चाललं पाहिजे.”

वस्तादांनी मान हलवली. ते ऐंशीच्या पुढचे होते. त्यांच्याकडे आता गाड्या येत नव्हत्या. शेडमध्ये दोन स्टुलं होती, त्यातल्या एकावर बोटभर धूळ होती.

“काय काय केलंस?”

“स्प्रिंग नवी घातली. खटका घासला. ग्रीस भरलं. तीन वेळा खोललं. बाहेरून बटण दाबलं की उघडतं. आतून नाही.”

“आत बसून बघितलंस?”

“त्यात बसून काय बघायचं? दार काढून टेबलावर घेतलं होतं. टेबलावर बिनतक्रार चालतं.”

“मग टेबल घेऊनच हिंडत जा.”

हिंदुरावला हे लागलं.

“बस आत,” वस्ताद म्हणाले.

तो उजव्या बाजूला निघाला.

“तिकडं नव्हं. इकडं.”

हिंदुराव थांबला. गाडी घेतल्यापासून तो त्या जागेवर कधी बसला नव्हता. गाडी त्याची, चालवायचाही तोच. त्यानं बटण दाबून दार उघडलं आणि बसला.

वस्तादांनी बाहेरून दार लावलं. स्टुलावर जाऊन बसले. पाठ फिरवली आणि विडी पेटवली.

हिंदुरावनं कडी उचलली. खटका हलला नाही. त्यानं खांदा दिला. परत दिला.

“वस्ताद.”

वस्तादांनी धूर सोडला.

पलीकडच्या दारानं उतरता आलं असतं. पण ती हार झाली असती. तो बसून राहिला.

समोरच्या खणाच्या झाकणावर, खालच्या कडेला, एक टिकली चिकटवलेली होती. चालवणाऱ्याला ती दिसत नव्हती.

तो टिकलीकडे बघत राहिला...

मग त्यानं दाराकडे नीट पाहिलं. कडी नव्यासारखी होती. पण तिच्या खाली, दार ओढून लावायची मूठ असते ना, तिथलं रेक्झिन झिजून पांढरं पडलं होतं. चार बोटांची जागा.

उतरताना इथं कोण कशाला धरेल?

त्यानं आपली बोटं त्या जागेवर ठेवली. दार स्वतःकडे ओढलं. दुसऱ्या हातानं कडी उचलली.

खट्.

दार उघडलं. तो मात्र उतरला नाही.

“ती सांगायची,” तो म्हणाला.

“कोण?”

“सुलोचना. म्हणायची, दार अडतंय, आधी आत ओढावं लागतं. मी म्हणायचो, मी जन्मभर गाड्या खोलतोय, आणि मिस्त्रीच्या बायकोला दार उघडता येत नाही. कामगारांपुढं म्हणायचो. ते हसायचे.”

“किती वर्षं?”

“नऊ... दहा.”

“आता कुठं आहे?”

“विट्याला. भावाकडं. दिवाळीपासून.”

“कोणी सोडली?”

“मीच. याच गाडीनं.” हिंदुराव समोरच्या काचेतून बघत होता. “भावाच्या दारात गाडी थांबवली. ती उतरेना. मला वाटलं, मन बदललं. म्हटलं, आपण होऊन बोलायचं नाही. सरळ समोर बघत बसलो. आणि मग दार उघडलं.”

वस्तादांनी विडी विझवली.

“दाराशी झटत होती?”

“...की थांबली होती, ते नाही कळलं.”

वस्ताद उठले. चौकटीवर खटका जिथं अडकतो, त्या पट्टीवर त्यांनी अंगठा फिरवला.

“ही आत कुणी सरकवली?”

“मी. दार वाजायचं. मला वाजणारी गाडी चालत नाही.”

“बाहेरून बटण दाबताना दार आपोआप आत रेटलं जातं. म्हणून उघडतं. आतल्या माणसासाठी ते कोण रेटणार?”

त्यांनी पाना घेतला. दोन स्क्रू ढिले केले, पट्टी सूतभर बाहेर घेतली, स्क्रू आवळले. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

हिंदुरावनं दार लावलं. एका बोटानं कडी उचलली. उघडलं. परत लावून हलवून बघितलं. दार चौकटीत खुळखुळलं.

“आता वाजेल,” तो म्हणाला.

“वाजेल.”

तो उतरला आणि वळसा घालून चालवायच्या जागी जाऊन बसला. कराडला विट्यावरूनही जाता येतं. त्यानं किल्ली लावली, पण फिरवली नाही.

“वस्ताद, ती आली तर घरात पुन्हा खटके उडतील.”

वस्तादांनी डावं दार उघडलं. मग लावलं. पुन्हा उघडलं.

“खटका उडाल्याशिवाय कधी दार उघडलंय का रे?”