कारभाऱ्यांची फळी

एका नदीच्या अलीकडे गाव होतं, पलीकडे बाजार होता आणि मधल्या पाण्यावर एका नावाड्याचं राज्य होतं.

नावाडी कामात मोठा वाकबगार. नदीतला खडक न् खडक त्याला पाठ. बारा वर्षांत त्याच्या होडीतून एकही माणूस पाण्यात पडला नव्हता, आणि हे तो दिवसातून चारदा तरी सांगायचा. पण वागणं म्हणाल तर विचारू नका! होडी काठाला लावायचा कंटाळा म्हणून चार हात अलीकडेच थांबवायचा. मग लोकांनी चपला हातात घ्यायच्या आणि गुडघाभर चिखल तुडवत जायचं. होडीला बारीक गळती होती, तिची डागडुजी करायची सोडून त्याने एक करवंटी आत टाकून ठेवली होती. मागे बसेल त्याने पाणी उपसायचं. तोंडात कायम पान. पिंक टाकताना वारा कुठला, शेजारी कोण, हे बघायची त्याला गरज वाटत नसे. कुणाला चढायला उशीर झाला की, "ए म्हातारे, उचल पाय! दिवस काय तुझ्यासाठी थांबणार आहे?" असं खेकसायचा.

लोक गरीब. त्या घाटावर दुसरी होडी नव्हती. ऐकून घ्यायचे.

त्या राज्यात एक रीत होती. दर कार्तिकात नावेची पूजा व्हायची आणि त्या दिवशी राजाचे कारभारी होडीत बसून एक फेरी मारायचे. नावाडी आठ दिवस आधी जागा व्हायचा. होडी घासायची, गळती डांबराने बुजवायची, झेंडूच्या माळा लावायच्या, पांढरं धोतर नेसायचं. पान बंद. कारभाऱ्यांचे पाय भिजू नयेत म्हणून काठापासून होडीपर्यंत एक रुंद फळी टाकायची. कारभारी एकटेच बसायचे आणि खूश होऊन जायचे. दुसऱ्या दिवशी फळी पिंपळामागे जायची ती थेट पुढच्या कार्तिकापर्यंत.

त्या वर्षी गोष्ट मोठी होती. राजाने सागवानी नाव बांधून घेतली होती, बैलगाडीसुद्धा मावेल एवढी. नदीवरच्या सगळ्या नावाड्यांमधून कारभारी निवडतील त्या एकाला ती मिळणार होती. आपल्या नावाड्याच्या मनात ती कधीच पाण्यात उतरली होती. तिच्या पुढच्या टोकाला कुठला रंग द्यायचा, हेही त्याने ठरवून टाकलं होतं.

पूजा झाली. कारभारी म्हणाले, "यंदा मी एकटा नाही बसणार. रोजची माणसं येऊ देत."

नावाडी मनात म्हणाला, येऊ देत की! आदल्या दिवशीच त्याने गावाला बजावलं होतं, "माझ्याबद्दल कुणी वेडंवाकडं बोलायचं नाही." आणि खरंच कुणी काही बोललं नाही.

कारभारी फळीवरून होडीत गेले. मागून गवळण आली, कुंभार आला, काठी टेकत एक म्हातारी आली. तिघांनी सवयीने चपला हातात घेतल्या, कपडे वर खोचले आणि फळीच्या बाजूने सरळ चिखलात उतरले.

"अहो, फळी आहे ना!" कारभारी म्हणाले.

"ती तुमची, सरकार," कुंभार म्हणाला. "आमची वाट ही."

होडी निघाली. गवळण मागे बसली होती. बसल्याबसल्या तिने करवंटी हातात घेतली आणि पाणी उपसायला लागली. होडी तर आज कोरडी ठणठणीत! करवंटी नुसतीच लाकडावर खरखरत राहिली. तिच्या ध्यानात आलं तेव्हा ओशाळून तिने ती पदराखाली लपवली.

मधेच नावाड्याला ठसका लागला. त्याने घसा खाकरला मात्र, कुंभाराने चटकन मान वळवून डोक्यावरून उपरणं ओढलं आणि म्हातारी मुकाट्याने दुसऱ्या बाजूला सरकली.

कारभारी सगळं पाहत होते. नावाड्याचे कान तापले.

पलीकडचा काठ आला. आज त्याने होडी अगदी काठाला भिडवली. पुढे होऊन म्हातारीला आधार द्यायला हात केला. तो हात आपल्याकडे येताना पाहून म्हातारी दचकली. "उठते रे, उठते," ती घाईघाईने म्हणाली, "ओरडू नको बाबा."

नावाड्याचा हात तसाच राहिला.

कारभाऱ्यांनी म्हातारीला विचारलं, "आजी, खरं सांगा. नावाडी कसा आहे?"

"चांगला आहे हो," ती म्हणाली. "बारा वर्षांत कुणाला बुडू दिलं नाही त्याने. नवी नाव त्यालाच द्या. बाकीचं काय, आम्हाला आता सवय झालीय."

तिने शिव्या दिल्या असत्या तर नावाड्याने चार उत्तरं तोंडावर फेकली असती. पण ती त्याची बाजू घेऊन बोलत होती, आणि तेच त्याला सोसवेना. एवढी लाज त्याला जन्मात वाटली नव्हती. पांढऱ्याशुभ्र धोतरात तो सगळ्यांसमोर उभा होता आणि समोर तिचे पाय चिखलाने माखलेले होते.

"सरकार," तो खाली मान घालून म्हणाला, "नाव दुसऱ्या कुणाला द्या."

कारभाऱ्यांनी मान डोलावली. नवी नाव वरच्या घाटावरच्या नावाड्याला मिळाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारी काठावर आली, तर फळी आपली जागच्या जागी. होडीत करवंटी नव्हती आणि नावाड्याच्या तोंडात पान नव्हतं.

"आज पुन्हा कोण यायचंय रे?" तिने विचारलं.

"कुणी नाही, आजी. तुम्हीच."

म्हातारीने फळीकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, लुगडं खोचलं आणि चिखलातूनच गेली.

नावाडी रोज फळी टाकत राहिला. म्हातारीने तिच्यावर पहिला पाय ठेवला तेव्हा चैत्रातला पाडवा उजाडला होता.

तात्पर्य: पाहुणा येणार म्हणून एक दिवस नीट वागणं कुणालाही जमतं, पण वर्षभर आपण कसे वागलो, ते रोजच्या माणसांच्या अंगवळणी पडलेलं असतं आणि तिथून ते एका दिवसात जात नाही.