हीटरचं मखमली कव्हर

नाशिकला आम्ही नवा फ्लॅट घेतला आणि परवडेल असा दोन सळ्यांचा छोटा हीटर आणला. थोरल्या जाऊबाई ज्योत्स्नाताईंकडे मात्र चाकांचा भलामोठा हीटर होता आणि त्याच्यावर टिकल्या लावलेलं मखमली कव्हर. खरं सांगते, मला त्या कव्हराचासुद्धा हेवा वाटायचा.

माझं बाळ चार महिन्यांचं. जरा शिंकलं तरी माझा जीव खालीवर. म्हणून ताईंकडे असलेल्या सासूबाई थंडीभर आमच्याकडे राहतील का, हे विचारायला मी त्यांच्या घरी गेले.

ताई हसल्या. "अगं रेश्मा, तुझ्या त्या खेळण्यापुढे आई कुडकुडतील. आमचा हीटर बघ, अख्खा हॉल तापवतो!"

मी हीटर बघितला. मग स्वेटर, कानटोपी आणि वर शाल घेऊन बसलेल्या सासूबाई बघितल्या.

"मग आत्ता लावा ना ताई. आईंना जरा शेक मिळेल."

"आत्ता? बिल किती येतं माहितेय? पाहुणे आले की लावतो आम्ही."

"असं होय! म्हणजे तुमच्याकडे हीटर पांघरूण घेऊन बसतो आणि आई गारठतात. आमचा हीटर बिचारा उघडाच असतो, पण माणसं उबेत असतात."

सासूबाईंनी डोक्यावरची कानटोपी काढली, हीटरच्या कव्हरावर नीट बसवली आणि म्हणाल्या, "राहू दे, त्यालाच लागेल. रेश्मा, माझी पिशवी घे गं."